ओकच्या तुळईनं सांगितलेलं वर्ष

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, बॉस्टनच्या नैर्ऋत्येला, डेडम नावाचं गाव आहे. तिथल्या ईस्ट स्ट्रीटवर एक काळपट, बिनरंगी लाकडी घर उभं आहे. आढं मध्यावर खचलेलं, खिडक्या एका ओळीत नाहीत, दोन्ही बाजूंना मागाहून जोडलेल्या खोल्यांची छपरं मूळ छपराशी जुळत नाहीत. हे फेअरबँक्स कुटुंबाचं घर. एकाच घराण्याच्या आठ पिढ्या इथे जन्मल्या, राबल्या, म्हाताऱ्या झाल्या. आणि या घराबद्दल त्या घराण्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा एक दावा होता: हे 1636 साली बांधलं. तो खरा असेल तर संपूर्ण उत्तर अमेरिकेत आज उभ्या असलेल्या लाकडी सांगाड्याच्या घरांत याच्याहून जुनं दुसरं नाही.

दावा एवढा मोठा, आणि घर अमुक साली बांधून झालं असं सांगणारा एकही कागद नाही.

कागद होते, पण ते आजूबाजूचं सांगत होते. जोनाथन फेअरबँक्स इंग्लंडमधल्या यॉर्कशरचा, हॅलिफॅक्स भागातला माणूस. बायको ग्रेस आणि मुलं घेऊन तो 1633 मध्ये समुद्र ओलांडून बॉस्टनला आला. तीन वर्षांनी, 1636 मध्ये, चार्ल्स नदीकाठी नवं गाव वसवायचं ठरलं. वसणाऱ्यांना गावाचं नाव ‘कंटेंटमेंट’, म्हणजे समाधान, असं हवं होतं; वसाहतीच्या सभेनं ते डेडम केलं. गावात यायचं तर एका करारावर सही करावी लागे. प्रेमानं राहू, भांडण झालं तर गावातल्याच माणसांकडून मिटवून घेऊ, वेगळ्या मताच्यांना आत घेणार नाही, अशा अर्थाच्या त्यातल्या अटी. लग्न झालेल्याला घरासाठी बारा एकर, एकट्याला आठ एकर. जोनाथननं या करारावर मार्च 1637 मध्ये सही केली. गावच्या दप्तरात हे सगळं आहे. फक्त त्यानं पहिली तुळई कधी चढवली, याबद्दल दप्तर गप्प आहे.

चर्चच्या वहीत त्याच्याबद्दल आणखी एक नोंद सापडते, आणि मला ती सर्वांत बोलकी वाटते. जोनाथनला चर्चचा सभासद करून घेतलं ते 1646 मध्ये, म्हणजे गावात आल्यावर नऊ वर्षांनी. सर्वांसमोर उभं राहून आपल्या श्रद्धेची जाहीर कबुली देण्याबद्दल त्याच्या मनात काही शंका होत्या, त्यामुळे तो बराच काळ बाहेरच राहिला, असं ती वही सांगते. गावातल्या लोकांनी त्याच्याशी वारंवार प्रेमानं बोलणी केली, तेव्हा कुठे तो आत आला. ज्या गावाचा श्वासच धर्म होता, तिथे नऊ वर्षं दाराबाहेर थांबणं सोपं नव्हतं. पण तेवढ्या काळात त्याचं घर गावात होतं की नव्हतं? होतं तर कुठल्या वर्षापासून?

घराच्या आत शिरलं की मध्यभागी विटांचं भलंमोठं धुराडं. त्याच्या एका अंगाला ‘हॉल’, म्हणजे जिथे रांधायचं, जेवायचं, कातायचं, अवजारं दुरुस्त करायची ती खोली. दुसऱ्या अंगाला ‘पार्लर’, घरातली चांगली खोली. तिथेच घरधनी-घरधनीण झोपत. वर दोन खोल्या, त्यावर माळा. मूळ घर एवढंच, पुढून मागे एकच खोली असलेलं. मागची पडवी नंतरची, दोन्ही बाजूंचे भाग त्याहून नंतरचे. खांब आणि तुळया ओकच्या. एका लाकडात खाच, दुसऱ्याला कुसू, आणि दोन्हींतून आरपार ठोकलेली लाकडी खुंटी. खांबांच्या मधली जागा भरायला कूड: काटक्यांचं विणकाम आणि त्यावर मातीचा लेप. कोकणातल्या माणसाला ही भिंत समजावून सांगावी लागणार नाही. बाहेरून फळ्या. ही सगळी रीत इंग्लंडमधल्या खेड्यांतून जशीच्या तशी आलेली, कारण सुतारांचे हात तिथेच घडले होते.

डेडममध्ये जोनाथनची सहा मुलं वाढली: जॉन, जॉर्ज, जोनास, जोनाथन आणि मेरी, सुझन या दोन मुली. 1668 च्या डिसेंबरमध्ये तो वारला आणि घर थोरल्या जॉनकडे गेलं. जोनास पश्चिमेला लँकॅस्टरला जाऊन राहिला होता. फेब्रुवारी 1676 मध्ये, मेटाकॉम या वांपानोआग सरदारानं इंग्रजांविरुद्ध उभारलेल्या युद्धात, लँकॅस्टरवर हल्ला झाला. त्यात जोनास आणि त्याचा मुलगा जोशुआ मारले गेले. त्या युद्धाची मुळं जमिनीत होती. डेडमसारखी प्रत्येक नवी वस्ती मूळ रहिवाशांच्या जमिनीवरच उभी राहत होती, हे या घराची थोरवी सांगताना विसरता येणार नाही.

पुढची पानं भरभर उलटतो. 1801 मध्ये याच घरातल्या जेसन फेअरबँक्सवर एलिझाबेथ फेल्स या तरुणीच्या खुनाचा खटला चालला. शिक्षा झाल्यावर तो तुरुंगातून पळाला, पकडला गेला आणि सप्टेंबरमध्ये फाशी गेला. सगळ्या न्यू इंग्लंडमध्ये त्याची चर्चा झाली. याच जोनाथनच्या वंशातल्या थॅडियस फेअरबँक्सनं व्हरमाँटमध्ये प्लॅटफॉर्म काट्याचं पेटंट 1831 मध्ये घेतलं. पोतं जमिनीलगतच्या फळीवर ठेवून तोलायची जी सोय आडत्यांच्या पेढ्यांवर दिसते, तिची सुरुवात तिथली. चार्ल्स फेअरबँक्स 1905 मध्ये अमेरिकेचा उपराष्ट्राध्यक्ष झाला. अलास्कातल्या फेअरबँक्स शहराला त्याचंच नाव आहे. वंश असा चहूकडे पसरला, आणि मूळ घरात मात्र शेवटी एकच बाई उरली.

तिचं नाव रिबेका. 1892 मध्ये घरावर वीज पडली. तिचा कुत्रा मेला, ती वाचली. हातात पैसा नव्हता. एकोणिसावं शतक संपता संपता घर कुटुंबाच्या हातून गेलं, जमिनीचे व्यवहार करणाऱ्याच्या ताब्यात आलं. अशा घरांचं पुढे काय होतं हे आपण आपल्याकडच्या वाड्यांच्या बाबतीत रोज पाहतो: लाकूड विकायचं, जागा मोकळी करायची, प्लॉट पाडायचे. इथेही तेच व्हायचं. पण बॉस्टनच्या कॉडमन मायलेकींनी आपल्या पैशानं घर विकत घेऊन ते थोपवलं. त्यांचं या घराशी रक्ताचं नातं नव्हतं. त्याच सुमारास, 1897 मध्ये, लोरेन्झो सेल्स फेअरबँक्स यानं घराण्याची जाडजूड वंशावळ छापली होती, विखुरलेल्या भाऊबंदांना एकमेकांचा पत्ता लागला होता. त्यांनी संस्था काढली आणि 1904 मध्ये घर परत घेतलं. आज तीच संस्था ते संग्रहालय म्हणून सांभाळते. 1960 मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

तरीही वर्षाचा प्रश्न तसाच होता.

जुन्या घराचं वय ठरवायच्या तोवर दोनच वाटा होत्या. एक कागदांची. दुसरी सुताराच्या हाताची: तुळईची कड कशी तासली आहे, कुसू कुठल्या जातीचं आहे, धुराडं कुठे आहे, यावरून अंदाज. ॲबट लॉवेल कमिंग्ज या अभ्यासकानं मॅसॅच्युसेट्सची जुनी लाकडी घरं अशी एकेक करून वाचली. 1979 मध्ये आलेलं त्याचं पुस्तक आजही या विषयातला पाया आहे. पण रीत बदलायला वेळ लागतो. एकच सुतार तीस वर्षं एकाच पद्धतीनं कड तासतो. त्यामुळे हात पाहून दशक सांगता येईल, वर्ष सांगणं अवघड. आणि जिथे ‘सर्वांत जुनं’ हा मान पणाला लागलेला असतो, तिथे दहा वर्षं म्हणजे सगळंच.

याचं उत्तर शोधायला डेडमपासून हजारो किलोमीटर दूर, ॲरिझोनाच्या कोरड्या पठारावर जावं लागतं. आणि तिथे उत्तर शोधणारा माणूस वास्तुतज्ज्ञ नव्हता, इतिहासकारही नव्हता. तो आकाशाकडे पाहणारा होता.

अँड्रू डग्लस हा खगोलशास्त्रज्ञ. 1894 मध्ये पर्सिव्हल लॉवेल या धनाढ्य अभ्यासकासाठी वेधशाळेची जागा शोधायला तो ॲरिझोनात गेला आणि फ्लॅगस्टाफची जागा निवडली. लॉवेलला मंगळावर कालवे दिसत होते, ते बुद्धिमान जीवांनी खणले आहेत असा त्याचा पक्का विश्वास होता. डग्लसला तसं वाटेना, आणि त्यानं ते बोलून दाखवलं. 1901 मध्ये त्याची नोकरी गेली. तेव्हा त्याच्या डोक्यात एक वेगळाच प्रश्न घोळत होता. सूर्यावरचे डाग साधारण अकरा वर्षांच्या फेऱ्यानं वाढतात आणि कमी होतात. त्याचा पृथ्वीच्या पावसापाण्यावर परिणाम होतो का? पाहायचं तर शेकडो वर्षांच्या पावसाच्या नोंदी हव्यात. ॲरिझोनात त्या कोण ठेवणार?

झाडं. त्या कोरड्या मुलखात पाइनचं झाड पावसाच्या थेंबाथेंबावर वाढतं. पाऊस चांगला झाला तर खोडात त्या वर्षीचं वलय रुंद उमटतं, कमी झाला तर अरुंद. 72 चा दुष्काळ आपल्याकडे माणसं अजून विसरलेली नाहीत; तिथलं झाड असं वर्ष अंगावर कोरून ठेवतं. डग्लसनं फ्लॅगस्टाफच्या लाकूडवखारींत ओंडक्यांचे छेद मोजायला सुरुवात केली, आणि त्याच्या लक्षात आलं की वेगवेगळ्या झाडांत रुंद-अरुंद वलयांचा क्रम तोच आहे. पुढे एका शेतात त्याला तोडलेल्या झाडाचा खुंट दिसला. ओळखीचा क्रम पाहून त्यानं हे झाड कुठल्या वर्षी तोडलं ते मालकाला सांगितलं. मालक म्हणाला, बरोबर. या एका क्षणात सगळं शास्त्र आहे. साल गेलेलं, मुळापासून सुटलेलं, मेलेलं लाकूड स्वतःच्या मृत्यूचं वर्ष सांगू शकतं.

सूर्याच्या डागांचं कोडं डग्लसला हवं तसं सुटलं नाही. पण पुरातत्त्वज्ञांचे कान टवकारले. नैर्ऋत्य अमेरिकेत मूळ रहिवाशांनी बांधलेल्या, शेकडो खोल्यांच्या दगडी वसाहती ओस पडलेल्या होत्या. त्यांत लाकडी तुळया तशाच होत्या. चाको खोऱ्यातलं प्वेब्लो बोनितो किती जुनं, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. अंदाजांत हजार-हजार वर्षांचा फरक. डग्लसनं त्या तुळया वाचल्या आणि एकमेकींशी जुळवून 585 वर्षांची सलग साखळी तयार केली. प्वेब्लो बोनितोनंतर साधारण चाळीस वर्षांनी ‘ॲझ्टेक’ ही दुसरी वसाहत बांधली गेली, एवढं तो सांगू शकत होता. पण ही 585 वर्षं काळाच्या कुठल्या टोकाला बांधायची? जिवंत झाडांपासून मागे जाणारी दुसरी साखळी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धापाशी अडत होती. दोन साखळ्या, आणि मधे फट.

ती फट बुजवणारी तुळई शोधायला नॅशनल जिऑग्राफिक सोसायटीनं 1923 पासून मोहिमा काढल्या. होपी लोकांच्या ओराइबी गावातल्या जुन्या घरांतून नमुने घेतले, अवशेष उकरले. साखळी मागे सरकत होती, पण भिडत नव्हती. 22 जून 1929 ला शो लो नावाच्या लहानशा गावात एमिल हॉरी आणि लिंडन हार्ग्रेव्ह या दोन तरुण पुरातत्त्वज्ञांना अवशेषांत एक जळका ओंडका लागला. बाहेर काढताना तो भुगा होऊन जाईल अशी स्थिती. त्यांनी तो दोऱ्यानं गुंडाळला, मेणानं घट्ट केला आणि दोघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून त्याला क्रमांक दिला: एचएच-39. डग्लस तिथेच होता. त्या संध्याकाळी दिव्याच्या उजेडात तो त्या कोळशावर वाकला. वलयं 1380 पर्यंत येत होती. आतलं टोक 1237 ला पोचत होतं. म्हणजे एक टोक जिवंत झाडांच्या साखळीत, दुसरं अवशेषांच्या. फट मिटली.

खरं तर फट नव्हतीच. दोन्ही साखळ्या थोड्याशा एकमेकींवर आलेल्याच होत्या. पण तेराव्या शतकाच्या अखेरीस पडलेल्या प्रदीर्घ दुष्काळात वलयं इतकी बारीक झाली होती की डग्लसला खात्री वाटत नव्हती. खात्री वाटेपर्यंत तो थांबला, म्हणून त्याच्या शब्दाला पुढे वजन आलं. त्या रात्री साखळी सलग होऊन इसवी सन 700 पर्यंत मागे गेली. प्वेब्लो बोनितोच्या लाकडांची वर्षं कळली: 919 ते 1130. एका जळक्या ओंडक्यानं अवघ्या प्रदेशाच्या इतिहासाला तारखा दिल्या.

आता डेडमला परत येऊ, कारण तिथे हे तंत्र सहजी चालेना. न्यू इंग्लंडमध्ये पाऊस भरपूर. ओकला पाण्याची तितकी चणचण नाही, म्हणून वलयांत चढउतार कमी, आणि चढउतार नसतील तर जुळवायचं काय? दुसरी अडचण अशी की साखळीची सुरुवात करायला जुनी जिवंत झाडं लागतात, आणि मॅसॅच्युसेट्समधलं बहुतेक जंगल शेतीसाठी एकोणिसाव्या शतकापर्यंत तुटून गेलं होतं. तीनशे वर्षांहून जुन्या ओकची झाडं वाचुसेट डोंगराच्या उतारावर आहेत हे अभ्यासकांच्या नजरेत आलं तेच 1995 मध्ये.

तरीही साखळी बांधली गेली. रीत तीच: आधी जिवंत झाडं, मग एकोणिसाव्या शतकातल्या इमारतींचं लाकूड, मग अठराव्या, मग सतराव्या, प्रत्येक कडी आधीच्या कडीवर काही दशकं चढलेली. या शतकाच्या सुरुवातीला ऑक्सफर्ड डेंड्रोक्रोनॉलॉजी लॅबोरेटरीचे डॅनियल माइल्स आणि मायकेल वर्दिंग्टन यांनी वास्तुइतिहासकार ॲन ग्रेडी यांच्यासह पूर्व मॅसॅच्युसेट्ससाठी अशा प्रमाण साखळ्या तयार करण्याचं काम केलं. फेअरबँक्स घराच्या तुळयांना अखेर प्रश्न विचारता आला.

तो विचारायची पद्धत नाजूक आहे. कुठल्याही तुळईला भोक पाडून चालत नाही. सुतारानं लाकूड चौकोनी तासताना बाहेरचा भाग काढून टाकलेला असतो, आणि त्याबरोबर शेवटची वर्षंही गेलेली असतात. पाहिजे ती अशी जागा, जिथे कोपऱ्याला मूळ खोडाचा गोलवा राहिला आहे, सालीखालचं शेवटचं वलय शाबूत आहे. सालीजवळचं लाकूड मऊ असतं, किड्यांनाही तेच आवडतं. साडेतीनशे वर्षं ते टिकलं असेल तर नशीब. अशी जागा सापडली की पोकळ गिरमिट लावून आतल्या गाभ्याच्या दिशेनं बारीक लांब कांडी काढायची. भोकात लाकडी खुंटी मारून ते बुजवायचं. कांडी घासून घासून गुळगुळीत करायची, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक वलय मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजायचं. मग ती आकड्यांची रांग प्रमाण साखळीवर एकेक वर्ष पुढे सरकवत पाहायचं. योगायोगानं चुकीच्या जागीही थोडंफार जुळतं, म्हणून एका तुळईच्या साक्षीवर कुणी निकाल देत नाही. अनेक तुळयांनी, स्वतंत्रपणे, एकच जागा दाखवावी लागते.

ओकची आणखी एक खुबी. वसंतात त्याच्या लाकडात मोठी छिद्रं पडतात, उन्हाळ्यात दाट लाकूड भरतं. शेवटचं वलय पुरं भरलेलं असेल तर झाड हिवाळ्यात तोडलं. नुसती छिद्रं दिसली तर वसंतात. म्हणजे वर्षच नाही, ऋतूही कळतो.

धोका दोन्ही बाजूंना होता. न्यूयॉर्क राज्यात, लाँग आयलंडवरच्या कचोग गावातल्या ‘ओल्ड हाऊस’चं उदाहरण घ्या. परंपरा सांगायची की ते 1649 चं. राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा मान त्यालाही होता. वलयं वाचली तेव्हा लाकूड निघालं 1698-99 च्या हिवाळ्यातलं. अर्धं शतक एका दिवसात गळून पडलं. अशी उदाहरणं एक-दोन नाहीत; घराण्याची आठवण नेहमी मागे सरकत जाते, मूळ पुरुषाच्या नावाला जाऊन चिकटते. फेअरबँक्स घराचं तसंच झालं असतं तर आश्चर्य वाटण्यासारखं काही नव्हतं.

तसं झालं नाही. मूळ घराच्या लाकडांनी वर्षं सांगितली: 1637 ते 1641.

घराण्याचं 1636 बरोबर नव्हतं, पण चूक अगदी थोडी होती. मूळ दावा टिकला. वलयांनी पडताळून पाहिलेल्या, लाकडी सांगाड्याच्या घरांत उत्तर अमेरिकेत आज याच्याहून जुनं घर उभं नाही. आता एकच वर्ष का नाही, असं कुणी विचारेल. वलयं झाड कधी तुटलं ते सांगतात, घर कधी उभं राहिलं ते नाही. त्या काळचे इंग्रज सुतार ओक ओला असतानाच कापत, कारण वाळला की तो लोखंडासारखा कठीण होतो. त्यामुळे तोडणं आणि बांधणं यांत फार अंतर नसे. पण नव्या गावात, हाताशी थोडी माणसं, शेत नांगरायचं आहे, हिवाळा तोंडावर. लाकूड काही वर्षं जमत राहिलं असेल, असं मानणं मला पटतं.

आणि आता ते जुने कागद पुन्हा उघडले की वेगळे दिसतात. मार्च 1637 मध्ये सही. घरातलं सर्वांत आधी तुटलेलं लाकूडही 1637 चंच. म्हणजे गावात पाऊल पडताच कुऱ्हाड हातात. 1639 मध्ये डेडमच्या लोकांनी चार्ल्स नदीचं पाणी गिरणीकडे वळवायला कालवा खणायला घेतला. ‘मदर ब्रूक’ म्हणून तो आजही वाहतो. वसाहतींमधला हा पहिला मानवनिर्मित कालवा समजला जातो. गाव कालवा खणत होतं त्याच वर्षांत हे घर उभं राहत होतं. आणि ते उभं राहिलं तेव्हा त्याचा मालक चर्चच्या बाहेर होता. शेवटच्या तुळईचं झाड 1641 ला तुटलं, जोनाथन चर्चमध्ये गेला 1646 ला. ज्या चुलीशी बसून त्याच्याशी ती प्रेमाची बोलणी झाली असतील, ती याच घरातली. त्या गावानं एका शंकेखोर माणसाला घर बांधू दिलं, जमीन दिली, आणि त्याच्या मनाची तयारी होईपर्यंत वाट पाहिली. प्युरिटन लोकांच्या कडवेपणाबद्दल खूप लिहिलं गेलंय आणि ते खोटं नाही. पण ही गोष्टही तितकीच खरी आहे, आणि तिला आता वर्षांचा आधार आहे.

या तुळयांत आणखी एक इतिहास आहे, आणि तो फेअरबँक्सांचा नाही. 1637 ला तुटलेल्या झाडाच्या बहुतेक वलयांवर इंग्रजांची सावलीसुद्धा पडलेली नाही. प्लिमथची वसाहत झाली ती 1620 मध्ये. त्याआधी, 1616 ते 1619 या वर्षांत, युरोपीय जहाजांबरोबर आलेल्या रोगांनी या किनाऱ्यावरची मूळ माणसं गावंच्या गावं मेली. ती चार वलयंही त्या लाकडात आहेत, इतर वलयांसारखीच. नंतर आलेल्यांना रिकामी वाटलेली जमीन रिकामी का होती, त्याची वर्षं या घराच्या छतात आहेत. पहिल्या वसाहतकऱ्याचं घर जपायचं तर हेही सांगूनच जपायला हवं.

आपल्याकडे हे काही परकं शास्त्र नाही. सागवानात वर्षाची वलयं स्पष्ट उमटतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतले पंत आणि बोरगावकर यांनी ठाणे भागातल्या सागाच्या वलयांचा आणि तिथल्या हवामानाचा संबंध तपासणारं काम 1983 मध्येच प्रसिद्ध केलं होतं. आणि सागवान तर आपल्या वाड्यांचा कणाच. शनिवारवाड्यासाठी सागवान जुन्नरच्या जंगलांतून आलं असं सांगतात. त्याला लागलेली 1828 ची आग सगळ्यांना ठाऊक आहे. पण जळलं म्हणून लाकूड मुकं होत नाही, हे शो लोच्या ओंडक्यानं दाखवून दिलंच आहे.

म्हणून वाचकांना एक विनंती. तुमच्या गावात, आळीत, नात्यात एखादा जुना वाडा उतरवत असतील तर लाकूड वखारवाल्याच्या ट्रकमध्ये चढण्याआधी तिथे जा. वाडा वाचवता आला तर उत्तमच. नाही वाचला तर निदान चार-पाच खांब-तुळयांच्या टोकांचे वीतभर जाडीचे छेद मागून घ्या. जिथे सालीकडचा गोलवा राहिलेला दिसेल ती टोकं निवडा. प्रत्येकावर वाड्याचं नाव, गाव, कुठल्या खोलीतलं, कितव्या मजल्यावरचं, खांब की तुळई, हे पक्क्या शाईनं लिहा. जागेवर असतानाचा फोटो काढा. रंधा मारू नका, पॉलिश करू नका, कोरड्या जागी ठेवा, आणि जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या किंवा पुरातत्त्वाच्या विभागाला कळवा. फेअरबँक्स घराच्या तुळया पहिल्यांदा वाचता आल्या तेव्हा त्या तोडून साडेतीनशेहून अधिक वर्षं झाली होती.